परिषदेतील कोडिंग लॅबची तयारी कशी करावी?

प्रश्न
मोबाईल ॲप विकसकांच्या एका परिषदेत जेटपॅक कंपोजवर (अँड्रॉइड ॲपचे पडदे कोडमधून रचण्याचे गुगलचे साधन) दोन तासांची लॅब घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सुमारे चाळीस जण आपापले लॅपटॉप घेऊन येतील. यापूर्वी मी स्वतः ज्या लॅबला बसलो होतो, तिथे पहिला पाऊण तास बिल्ड (कोडपासून चालणारे ॲप तयार होणे) पूर्ण होण्याची वाट पाहण्यातच गेला, आणि ज्यांचे काम लवकर झाले ते तोवर कंटाळून गेले. व्याख्यान नंतर चित्रफितीवरही पाहता येते. लॅबचे तसे नसते. वेळ वाया जाऊ नये म्हणून आधी काय करून ठेवावे?

उत्तर १
ग्रेडल, म्हणजे बिल्ड करणारे साधन, प्रथम चालते तेव्हा ते प्रोजेक्टमध्ये नमूद केलेली स्वतःची आवृत्ती, मग अँड्रॉइड प्लगिन आणि नंतर सगळ्या लायब्ररी (इतरांनी लिहिलेले तयार कोड) उतरवून घेते. इम्युलेटरची (लॅपटॉपवर चालणारा आभासी फोन) सिस्टिम इमेज तर एकटीच एक जीबीहून मोठी असते. चाळीस जणांनी हे एकाच वाय-फायवर एकाच वेळी सुरू केले की पाऊण तास सहज जातो. म्हणून आठवडाभर आधी प्रोजेक्ट पाठवा आणि तो नुसता उतरवून न ठेवता घरी एकदा पूर्ण चालवून पाहण्यास सांगा. एकदा पाठवल्यावर कोणत्याही लायब्ररीची आवृत्ती बदलू नका, अन्यथा साठवलेले निरुपयोगी ठरते. एवढे करूनही काही जण सूचना न वाचताच येतील (ते येतातच), त्यांच्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओचे (ॲप लिहिण्याचे सॉफ्टवेअर) इन्स्टॉलर असलेले दोन-तीन पेन ड्राइव्ह जवळ ठेवा.

उत्तर २
आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर स्टुडिओ आणि इम्युलेटर एकत्र चालवणे जिकिरीचे असते, त्यामुळे फोन आणण्याचा आग्रह धरावा. फोनवर स्वतःचे ॲप चालवण्यासाठी लागणारे डेव्हलपर पर्याय घरूनच सुरू करून आणायला सांगा. त्यासाठी फोनच्या सेटिंग्जमधील बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करावे लागते. काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांवरून फोन लॅपटॉपला दिसत नाही, तेव्हा डेटा केबल जादा ठेवा. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंगची (केबलशिवाय फोन लॅपटॉपला जोडणे) सोय आहे, पण सार्वजनिक वाय-फायवर उपकरणांना एकमेकांशी बोलू न देण्याची पद्धत असल्याने ऐन वेळी तिच्यावर विसंबू नये.

उत्तर ३
वरील सूचना योग्य आहेत, तथापि माझ्या मते लॅब बहुधा फसते ती पडद्यावरचा कोड पाहून टाइप करायला लावल्यामुळे. टायपिंग शिकवायला कोणी परिषद भरवत नाही. त्याऐवजी बिल्ड होणारा, पण चुकीचा वागणारा कोड हाती द्या. उदाहरणार्थ, साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेला काउंटर: बटण कितीही दाबले तरी पडद्यावरचा आकडा हलत नाही. का हलत नाही, यावर सहभागींना पाच मिनिटे झटू द्या. मग कंपोजमधील रिमेंबर (मूल्य लक्षात ठेवणारे) आणि म्युटेबल-स्टेट-ऑफ (मूल्य बदलताच पडदा बदलणारे) यांची जोडी आणा. आकडा वाढू लागेल. त्यानंतर फोन आडवा करायला सांगा. आकडा पुन्हा शून्यावर आलेला पाहिल्यावर फोन फिरवल्यावरही मूल्य टिकवणारे रिमेंबर-सेव्हेबल कशासाठी आहे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. असे तीन-चार प्रसंग दोन तासांना पुरतात. अधिक कोंबू नयेत.

प्रश्नकर्ता
काउंटरचे उदाहरण घेतो. मागे पडलेल्यांसाठी प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र गिट ब्रँच (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधील वेगळी शाखा) ठेवण्याचा विचार आहे. ते बरोबर ठरेल का?

उत्तर ३
ठरेल, पण अर्धवट बदल कमिट न केलेले (गिटमध्ये नोंदवून न ठेवलेले) असतील आणि पुढच्या ब्रँचमध्ये त्याच फाइल वेगळ्या असतील, तर गिट ब्रँच बदलू देत नाही, आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. ती अडचण टाळायची असेल, तर प्रत्येक टप्प्याची फाइल त्याच प्रोजेक्टमध्ये वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवा आणि कोणता टप्पा दाखवायचा ते मेन ॲक्टिव्हिटीतील (ॲप उघडताच चालणारा भाग) एका ओळीवर सोपवा.