फायबर वाढवल्यापासून पोट फुगतंय आणि डोकंही धरतंय: नेमकं काय बंद करावं?

रानजाई
मंडळी, प्रश्न आईसाठी आहे. वय 58. अर्धशिशी जुनी, बद्धकोष्ठता त्याहून जुनी. अर्धशिशीसाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन, सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी. पोटासाठी सध्या कणकेत दोन मोठे चमचे गव्हाचा कोंडा, चारच्या चहाबरोबर 'हाय फायबर' बिस्किटं आणि रात्री कोमट दुधातून इसबगोल. तिन्ही एकाच आठवड्यात सुरू केलं. आता पोटाचा नगारा झालाय, खडा तसाच होतोय आणि डोकं आधीपेक्षा जास्त वेळा दुखतंय. कोणता चोथा ठेवावा, कोणता काढावा?

पथ्यपाणी
तीन वेगळ्या जातींचं फायबर एकदम सुरू केलं की कोण काय करतंय ते कळायला मार्गच राहत नाही. विरघळतं-न विरघळतं एवढी वाटणी पुरत नाही. जेल होतं का आणि आतड्यातले जीवाणू ते किती लवकर खातात, हेही बघावं लागतं.

कोंडा विरघळत नाही. त्याचे जाड कण आतड्याच्या अस्तराला घासतात, अस्तर पाणी आणि बुळबुळीत स्राव सोडतं आणि मळ पुढे सरकतो. म्हणजे तो जाड असेल तरच उपयोग. पिठासारखा बारीक दळलेला कोंडा मळ उलट घट्ट करू शकतो. आयबीएस (आतड्यात दिसणारा बिघाड नसताना पोट वारंवार दुखणं, फुगणं, शौचाची तक्रार) असणाऱ्यांना तर जाड कोंडाही बऱ्याचदा सोसत नाही.

बिस्किटांच्या पाकिटामागे इन्युलिन, चिकोरी रूट फायबर किंवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड लिहिलंय का बघा. हे विरघळतं पण जेल होत नाही, आणि मोठ्या आतड्यात जीवाणू त्याचा झपाट्याने फडशा पाडतात. गॅस भरपूर होतो, पण मळात पाणी धरून ठेवायला शेवटपर्यंत फारसं काही उरत नाही. माझा पहिला संशय बिस्किटांवर.

इसबगोल विरघळून चिकट जेल होतं आणि जीवाणूंना ते फारसं पचत नाही. त्यामुळे पाणी धरून ते शेवटपर्यंत पोचतं. खडा असेल तर मऊ करतं, पातळ होत असेल तर बांधतं.

कोंडा आणि बिस्किटं दोन्ही आज बंद करा. इसबगोल एकटं ठेवा, पण दुधातून नको. या वयात दूध न पचणारे खूप असतात आणि दुधाचा गॅस इसबगोलच्या नावावर खपतो. पहिला आठवडा दिवसातून एकदाच साधारण 3 ग्रॅम. भुशी हलकी असते, चमच्याचा अंदाज चुकतो, शक्य असेल तर काट्यावर मोजा. ग्लासात 250 मिली पाणी, वरून भुशी, ढवळायचं आणि लगेच प्यायचं. दोन-तीन मिनिटं ठेवलं की चमचा उभा राहतो, मग कोणी पीत नाही. वर आणखी एक ग्लास पाणी. दुसऱ्या आठवड्यात दोनदा, मग सोसेल तसं वाढवत दिवसाला 10 ग्रॅमच्या आसपास. निदान 4 आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नका.

कोरडी भुशी तोंडात टाकून वर घोटभर पाणी, हे कधीही नको. अन्ननलिकेत फुगून अडकते. घेतल्यावर लगेच आडवंही होऊ नये, त्यामुळे झोपायच्या तासभर आधी घ्या. गिळायला त्रास होत असेल किंवा आतडं अडण्याचा इतिहास असेल तर इसबगोल घ्यायचंच नाही.

अवांतर: नॉटिंगहॅम विद्यापीठात एमआरआय वापरून केलेल्या अभ्यासात इन्युलिनबरोबर इसबगोल दिल्यावर आयबीएसच्या रुग्णांमध्ये इन्युलिनचा गॅस बराच कमी झालेला दिसला. पण म्हणून बिस्किटं चालू ठेवा असं मी म्हणणार नाही.

खलबत्ता
पोटाबद्दल सहमत. डोक्याचं बघू.

फायबरमुळे थेट डोकं दुखतं असं सहसा नसतं. आजूबाजूचं काहीतरी बदललेलं असतं. चोथा वाढवला आणि पाणी तेवढंच राहिलं तर खडाही होतो, डोकंही धरतं. पोट फुगलं म्हणून रात्रीचं जेवण टाळलं, तर रिकामं पोट हे अर्धशिशीचं ओळखीचं निमित्त आहे. 'पोटाला बरं' म्हणून चहा एकदम तोडला असेल तर कॅफिन सुटल्याची डोकेदुखी एक-दोन दिवसांत सुरू होते. या तिन्ही गोष्टी आईला विचारा.

आता औषधं. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठता होते, हा त्याचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम. स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना 'या गोळीपासून पोट जास्त अडतंय का' हे तारखांसकट सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं.

थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याआधी निदान अर्धा ते एक तास. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून 4 तास लांब. इसबगोल आणि कोंड्यानेही ती कमी शोषली जाऊ शकते, त्यामुळे इसबगोल रात्रीच ठीक. शोषण घटलं तर थायरॉईड कमी पडतं आणि त्यानेच बद्धकोष्ठता वाढते, म्हणजे घरच्या घरी चक्र तयार. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बरेच दिवस तपासलं नसेल तर तपासून घ्या.

डोकं दुखू लागल्यावर घ्यायची गोळी आणि इसबगोल यांत दोन तास ठेवा. अर्धशिशीच्या झटक्यात जठर आधीच मंद असतं, त्यात जेल नको. गोळी लांबवू नका, त्या वेळचं इसबगोल सोडा. आणि साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 दिवस किंवा ट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या झटक्याची गोळी), मिश्र गोळ्या 10 दिवस अशा तीन महिन्यांहून जास्त चालल्या असतील, तर गोळ्यांचीच डोकेदुखी जडलेली असू शकते. तिथे चोथ्याचा काही संबंध नाही.

भाकरतुकडा
डब्यातल्या फायबरच्या आधी ताट बघा की! प्रौढांनी दिवसाला निदान 25 ग्रॅम घ्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या 100 ग्रॅम पिठात 10-11 ग्रॅम असतं, पांढऱ्या तांदळात 3च्या आसपास. दोन वेळा भातावर भागत असेल तर एक वेळ भाकरी करा, पीठ चाळून कोंडा फेकू नका.

कडधान्यांत गॅस करणाऱ्या साखरा असतात. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात शिजवा. पोट निवळेपर्यंत राजमा-छोल्यांऐवजी मूग. कांदा-लसणातही इन्युलिनच्या कुळातलंच फायबर आहे, ते महिनाभर कमी करून बघा. अळशी भाजून कुटलेली, एक मोठा चमचा, चटणीत. अख्खी खाल्ली तर जशीच्या तशी बाहेर पडते.

उपास असतील तर साबुदाण्यात चोथा जवळजवळ नाहीच. खिचडी, चहा आणि कमी पाणी असा दिवस गेला की दुसऱ्या दिवशी पोट आणि डोकं दोन्ही तक्रार करणार. राजगिरा, भोपळा, रताळं घ्या.

रानजाई
पाकीट बघितलं: मैदा, माल्टिटॉल, इन्युलिन, ओट फायबर. चहा तिने खरंच बंद केलाय, त्याच आठवड्यात. 4 आठवड्यांत फरक नाही पडला तर?

पथ्यपाणी
माल्टिटॉल म्हणजे साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ, त्यानेही गॅस होतो, म्हणजे एका बिस्किटात दोन. चहा एक कप परत सुरू करा, तोडायचाच असेल तर हळूहळू.

4 आठवड्यांनी मळ मऊ झालाय पण तरीही कुंथावं लागतंय, अर्धवट झाल्यासारखं वाटतंय, असं असेल तर चोथा आणखी वाढवू नका. तिथे बहुधा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वेळेवर सैल पडत नाहीत, आणि वरून भर घातली की त्रासच वाढतो. पोटविकारतज्ज्ञ तपासून बायोफीडबॅकचे व्यायाम देतात, म्हणजे स्नायूंची हालचाल यंत्रावर बघत ते सैल सोडायला शिकवतात. तोवर कमोडपुढे वीतभर उंच पाट ठेवून पाय त्यावर, गुडघे कंबरेच्या वर.

शौचातून रक्त, वजन उतरणं, उलट्यांसह पोट फुगणं किंवा वारा सरणं बंद होणं यांसाठी 4 आठवडे थांबायचं नाही. तसंच अचानक आलेली असह्य डोकेदुखी, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, किंवा नेहमीच्या अर्धशिशीपेक्षा वेगळ्या जातीचं दुखणं. 58 व्या वर्षी नवं दुखणं जुन्याच खात्यात टाकू नका.