परक्या विषयात शास्त्रज्ञाच्या नावाचे वजन किती धरावे?

सह्यवाट :
ताऱ्यांच्या पोटात कार्बन कसा तयार होतो याचे कोडे सोडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल १९८५ साली चंद्रा विक्रमसिंघे आदी सहकाऱ्यांसह एका जीवाश्माच्या वाटेला गेले. लंडनच्या संग्रहालयातील आर्किऑप्टेरिक्सच्या (सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांना जोडणाऱ्या, पिसे असलेल्या प्राचीन जीवाच्या) शिळेची छायाचित्रे काढून त्यांनी जाहीर केले, की सांगाडा खरा असला तरी पिसांचे ठसे बनावट आहेत. त्यांच्या मते कोणीतरी दगडाची भुकटी कालवून लेप दिला आणि त्यात आजच्या पक्ष्याची पिसे दाबली. संग्रहालयातील तज्ज्ञांनी शिळा पुन्हा तपासली. हा दगड उकलून त्याच्या दोन फळ्या झालेल्या आहेत, एकीवर जीवाश्म आणि दुसरीवर त्याचा प्रतिठसा. पिसांच्या भागातून जाणाऱ्या केसाएवढ्या चिरा दोन्ही फळ्यांवर तंतोतंत जुळल्या, आणि खनिजे झिरपून उमटलेली झाडाच्या फांद्यांसारखी नक्षीही जुळली. लेप दिला असता तर चिरा त्याखाली बुजल्या असत्या. हे निष्कर्ष १९८६ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले.

हॉइल चुकले याला माझा आक्षेप नाही. हीच शंका एखाद्या शाळामास्तराने काढली असती, तर तिच्यासाठी एवढा खटाटोप झाला असता का? परक्या विषयात काही जाहीर करण्यापूर्वी शास्त्रज्ञाने त्या विषयातील माणसांजवळ जाऊन बसावे, असे माझे मत आहे.

कातळखोद :
असहमत. हा दंडक पाळायचा तर लुइस अल्वारेझ यांना घरीच बसावे लागले असते. कणभौतिकीसाठी १९६८ चे नोबेल मिळालेला हा माणूस १९८० साली सांगू लागला, की डायनासोर अशनीच्या आघाताने नष्ट झाले, आणि आधार काय, तर इटलीतील गुब्बियो येथील सेंटीमीटरभर जाडीच्या मातीच्या थरात नेहमीच्या सुमारे ३० पट आढळलेले इरिडियम, म्हणजे पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ पण अशनींत बराच असणारा धातू. अनेक पुराजीवशास्त्रज्ञांना ते मुळीच रुचले नाही. (अल्वारेझ यांनीही त्यांना तिकिटे जमवणाऱ्यांच्या पंक्तीला बसवले, तेही काही शोभले नाही.) पुढे मेक्सिकोत त्या आघाताचे चिक्षुलूब येथील विवर ओळखले गेले.

आणि आपले जयंत नारळीकर? हॉइल यांच्या या शिष्याने फलज्योतिषाची चाचणी घेतली. २७ ज्योतिष्यांनी पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद हे सांगायचे होते आणि त्यांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणे उडवले असते तरी चालले असते. 'तुमचा विषय नाही' हे वाक्य ज्योतिषीही त्यांना ऐकवू शकलेच असते.

सह्यवाट :
दोन्ही उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. अल्वारेझ यांच्यासोबत भूशास्त्रज्ञ मुलगा वॉल्टर होता, तो मातीचा थर त्यानेच आणला होता, आणि इरिडियम मोजणारे फ्रँक असारो व हेलन मिशेल हे अणुरसायनातले जाणकार होते. नारळीकरांनीही संख्याशास्त्रज्ञांना बरोबर घेतले. हॉइल यांच्या हाती मात्र छायाचित्रे होती, आणि ती कशी वाचायची हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्यावरच त्यांचा अविश्वास होता.

कातळखोद :
मान्य. तरीही त्या नावाच्या दबावामुळेच शिळा इतक्या बारकाईने पाहिली गेली, हे विसरू नये. शंका खोटी ठरली, पण त्या ओघात चिरांचा भक्कम पुरावा हाती आला. फुकटची उठाठेव म्हणून ती निकालात काढणे मला पटत नाही.

केशरीगोळी :
दगडाला त्रास होत नाही, म्हणून हा युक्तिवाद तिथे खपतो. लायनस पॉलिंग यांना १९५४ साली रसायनशास्त्राचे आणि पुढे शांततेचे नोबेल मिळाले. त्यांनी जीवनसत्त्व क चे मोठे डोस आधी सर्दीवर आणि नंतर कर्करोगावरही सुचवले. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाने कर्करोगाच्या रुग्णांना रोज १० ग्रॅम देऊन पाहिले, उपयोग दिसला नाही. रुग्णांना आधीच केमोथेरपी झाल्याची हरकत निघाली, तेव्हा ती न झालेले रुग्ण घेऊन पुन्हा चाचणी केली; १९८५ सालचा तो निकालही तोच आला.

आमच्या घरी नाक गळू लागले, की वडील लिमलेटच्या गोळीसारखी केशरी गोळी हातावर ठेवत आणि पॉलिंग यांचे नाव घेत. मोठेपणी मी त्यांना या चाचण्यांबद्दल वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि चष्मा पुसत एवढेच विचारले, "यांच्यापैकी कोणाला दोन नोबेल आहेत का?"