खिशात मावणारा, भिजला-पडला तरी चालणारा कॅमेरा कुठला घ्यावा?

डोंगरवेडी
मंडळी, सल्ला हवाय. ट्रेकला, पावसात, नदीत न्यायला छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. मोबाईलचे फोटो चांगले येतात हो, पण ओल्या हाताने स्क्रीन धड चालत नाही, ग्लोव्हज घातले तर विसराच, आणि नकाशा, टॉर्च, फोन सगळं त्याच्यातच असल्यामुळे कड्याच्या टोकाला तो बाहेर काढायला हात धजावत नाही. डीएसएलआर आहे पण ते धूड गळ्यात घालून चढणं म्हणजे शिक्षाच. अटी एवढ्याच की जॅकेटच्या खिशात मावावा, भिजला तर चालावा आणि हातातून सुटला तर लगेच मरू नये. टफ म्हणून विकतात ते कॅमेरे खरंच टफ असतात की नुसतं रंगीत प्लास्टिक?

रानवाट
आधी लेन्स बघा, बाकी सगळं नंतर. साध्या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स चालू केल्यावर बाहेर येते ना, मरण तिथेच असतं. त्या नळीच्या फटीत वाळूचा एक कण गेला की लेन्स अर्ध्यात अडकते, करकर आवाज येतो, स्क्रीनवर लेन्स एरर, की संपलं. टफ कॅमेऱ्यात लेन्स बाहेर येतच नाही. पुढे फक्त एक काच असते, आत प्रकाश काटकोनात वळवून सेन्सरकडे, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपकडे, नेलेला असतो आणि झूम आतल्या आत होतो. म्हणून ते टिकतात, जाड रबरामुळे नाही.

मॉडेल विचाराल तर ऑलिम्पसचा टफ टीजी-६ (२०१९) किंवा त्याच्यापुढचा टीजी-७, जो २०२३ मध्ये ओएम सिस्टिम नावाने आला. दोघांत फार फरक नाही, ७ ला यूएसबी-सी आहे हीच मोठी सोय. १५ मीटर पाणी, २.१ मीटरवरून पडणं, १०० किलोचा दाब आणि उणे १० अंश थंडी, एवढं सोसतो असं कंपनी सांगते. १२ मेगापिक्सेल बघून नाक मुरडू नका, एवढ्याशा सेन्सरवर जास्त कोंबून काही हाती लागत नाही. रॉ फाईल मिळते (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, नंतर हवी तशी सुधारता येते), वाइडला म्हणजे झूम न करता एफ/२ आहे, म्हणजे उजेड भरपूर आत येतो, आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये काचेपासून १ सेंटीमीटरवरचा किडा फोकस होतो, शेवाळावरचे थेंब वगैरे असं दिसतं की पुढे चालायचं राहूनच जातं.

रिकोचा डब्ल्यूजी-६ पण आहे, २० मीटर. निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू३०० तर ३० मीटर, पण तो आता सेकंडहँडच मिळेल, आणि वॉटरप्रूफ कॅमेरा सेकंडहँड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. आधी किती आपटलाय ते कोण सांगणार?

कॅमेरावेडा
वरच्यांशी अर्धा सहमत. टिकाऊपणा ठीक, पण फोटोचं काय? या सगळ्या टफ कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर. सोनीच्या आरएक्स१०० सारख्या कॅमेऱ्यात १ इंची म्हणतात तो १३.२ गुणिले ८.८ चा, क्षेत्रफळात चौपट. भर उन्हात दोघांत फरक कळणार नाही, पण पहाटे किंवा दाट झाडीत टफवाला रवाळ फोटो देतो आणि चांगला मोबाईल त्याला सहज मागे टाकतो. फक्त हे लक्षात घ्या की आरएक्सला पाण्या-धुळीचं काहीच संरक्षण नाही आणि लेन्स बाहेर येणारीच आहे. मी तो तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्राय पाऊचमध्ये ठेवतो आणि धो धो पावसात बाहेर काढतच नाही.

रानवाट
अहो पण धो धो पावसातच तर फोटो काढायचेत त्यांना 😄

पाणबुड्या
मी कयाकवाला, त्यामुळे माझं सगळं पाण्यातलं. कॅमेरा कुठलाही घ्या, जीव त्या बॅटरीच्या दाराच्या रबरात असतो. दार उघडून बघा, कडेने बारीक सील फिरलेलं दिसेल. त्यावर एक केस आडवा पडला तरी पाण्याला वाट मिळते. म्हणून मी दर वेळी बंद करायच्या आधी उजेडात तिरका धरून बघतो, कोरड्या मऊ फडक्याने पुसतो, आणि लॉक सरकवल्यावर लाल-पिवळी खूण दिसत नाही ना ते बघतो. ओल्या हाताने दार उघडायचं नाही, किनाऱ्यावर वाळूत तर अजिबातच नाही, बॅटरी आणि कार्ड निघायच्या आधीच घालून घ्या. खाऱ्या पाण्यातून आला की दार बंदच ठेवून गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचा, नाहीतर मीठ वाळून बटणं आखडतात. सील वर्षाला बदलून घ्यायचं.

आणि ते १५ मीटर वगैरे आकडे नव्याकोऱ्या कॅमेऱ्याचे. जोरात आपटल्यानंतर पाण्याची हमी धरू नका, तसं मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही हा भाग वेगळा. हे कॅमेरे तरंगत नाहीत, सरळ तळ गाठतात, त्यामुळे फोमचा तरंगणारा पट्टा आधी घ्या.

डोंगरवेडी
भारी माहिती! मग टफच घेते, पहाटेचे फोटो मोबाईलवर काढीन. शेवटचा प्रश्न, बर्फात बॅटरी किती पुरते? टीजी-७ ला ३३० फोटो लिहिलेत.

कॅमेरावेडा
तो आकडा ठरावीक चाचणीतला, थंडीत त्याच्यावर विसंबू नका. लिथियम बॅटरी गारठली की लवकर मान टाकते, पण गरम झाली की बरीचशी परत येते. म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवा आणि आलटून पालटून वापरा. जीपीएस लॉग, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, चालू राहिला तर कॅमेरा बंद असतानाही बॅटरी खातो, तो स्विच तपासा. आणि गारठ्यातून उबदार खोलीत शिरताना कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा, म्हणजे दव पिशवीवर धरतं, काचेच्या आत नाही. तासाभराने काढा.

रानवाट
लेन्सची काच पुसायला फडकं मात्र वेगळं ठेवा, सील पुसलेलं नको. निम्मे धुरकट फोटो बोटाच्या ठशांमुळे येतात आणि शिव्या सेन्सर खातो.