जुनी खापरं, जाती, बरण्या उकरून काढायचा छंद: करावा की थांबवावा?

मलप्रभाकाठ (खानापूर): आमच्याकडे पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडाची, माती शेतात टाकायची रीत जुनीच. ट्रॉली उपसली की खापरं निघतात, बांगड्यांचे तुकडे निघतात, कधी अख्खी पणती. पूर्वी ते सगळं बांधावर भिरकावायचे. आता आम्ही मित्र रविवारी कुदळ-खुरपं घेऊन जातो आणि सापडेल ते धुऊन जपून ठेवतो. पडक्या वाड्यांतून उखळ, चिनी मातीची बरणी, गोटी सोड्याची बाटली, बासेल मिशनच्या जुन्या कारखान्यातलं कौलही मिळालंय. लंडनमध्ये थेम्सच्या काठी लोक परवाना काढून हेच करतात. मग इथंच आमच्याकडे चोरासारखं का बघतात?

वडगावकर: दाखला अर्धाच दिलात दादा. तिथं ३०० वर्षांहून जुनं काही मिळालं तर कळवावं लागतं, मनाला येईल तिथं खणताही येत नाही. आमच्या बेळगावच्या वडगाव-माधवपूरला दोनेक हजार वर्षांपूर्वीचं, सातवाहनकाळचं नगर होतं, हे कळलं ते रीतसर उत्खननामुळं. आतून काळं, बाहेरून तांबडं खापर तुम्हीही पाहिलं असेल. भांडं उपडं ठेवून भाजायचे, आतल्या बाजूला हवा पोचत नसे म्हणून ती काळी राहायची. तसली भांडी त्याहून जुन्या महापाषाणी (मोठमोठे दगड रचलेल्या) थडग्यांत मिळतात आणि सातवाहनांच्या वस्तीतही. मधे कित्येक शतकं गेलेली. नुसता तुकडा हातात घेऊन कोण काळ सांगणार? त्याच थरात एखादं नाणं, मणी, चुलीची राख असेल तर पत्ता लागतो. तुमच्या कुदळीनं तो थरच मोडतो. कपाटात उरतं ते मुकं खापर.

हुक्केरीचा पाव्हणा: काय ओ, कुठल्या थराचं बोलूलासा? हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतंय. आमचं आजोळ त्याच पाण्यात गेलं. गाळातनं आज्जीचं जातं काढून आणलं, खुंट्याचं भोक झिजून रुंद झालेलं. ते तिथंच सोडून यायचं होतं काय?

कायद्याचं बोलतो: आजीचं जातं घरी आणलं म्हणून कोणी अडवत नाही. पण कर्नाटकाच्या १९६२ च्या निखात निधी (पुरलेल्या धनाच्या) कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली किमती वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं १०० वर्षांपलीकडच्या पुरावस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, परदेशी तर पाठवताच येत नाहीत.

मलप्रभाकाठ: विकायचा विषयच नाही. कळवा म्हणता, पण पंचनामा होईल, जमीन अडकेल, या धास्तीनं शेतकरी सापडलेलं पुन्हा पुरून टाकतो. त्याची धास्ती आधी घालवा, मग आम्हाला शिकवा. प्लॉट पाडताना पांढरीचं टेकाड एका दिवसात सपाट होतंय, तेव्हा थर मोजायला कोण येतंय?

चाकावरची (खानापूर): मी कुंभाराच्या घरातली, म्हणून दोन्ही बाजूंना सांगते. धुऊन ठेवतो म्हणता, तेच आधी बंद करा. बुडाची काजळी आणि आत चिकटलेली खरवड, यावरून त्यात काय शिजत होतं ते तपासता येतं. ब्रश मारला की ते गेलं. खापराची आतली बाजू बघा. सलग गोल रेषा असतील तर ते चाकावर ओढलंय. खोलगट खळगे असतील तर आतून दगड धरून बाहेरून फळीनं थापटलंय, आम्ही अजून तसंच थापटतो. आणि एक मनातलं बोलते. खानापूरची माती नावाजलेली, म्हणून केंद्राची कुंभारकामाची संस्था इथं आली. जुन्या गाडग्याला तुम्ही कपाटात जागा देता, आमच्या आव्यातनं (भट्टीतनं) आज निघालेलं गाडगं मात्र दारावर आलं तरी घेत नाही. त्याचं दुःख होतं.

वडगावकर: ताई, काजळीचं अगदी बरोबर. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत रोमन देवाची कांस्यमूर्ती निघाली, ती आज टाऊन हॉल म्युझियममध्ये कोणीही बघू शकतो. एखाद्याच्या माळ्यावर गेली असती तर? खणू नका एवढंच म्हणतो. वर पडलेलं दिसलं तर आधी जागेवरच फोटो घ्या, सर्व्हे नंबर लिहा, शेजारी काय पडलंय तेही टिपा.

मलप्रभाकाठ: फोटो आणि सर्व्हे नंबर मान्य. धुणंही आजपासून बंद. पण जेसीबीचं बकेट पांढरीत शिरलं तर मी कुदळ घेऊन जाणारच, त्या दिवशी थरांचं सांगू नका.

वडगावकर: त्या दिवशी मला फोन करा. जेसीबी अडवायला मीही येतो, कुदळ मात्र घरी ठेवा.