आज कोण दिसले नाही? – घरातील ज्येष्ठांच्या काळजीचे अनुभव (अनुभव धागा)

शेवंती

नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतनधारकांची बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. परवा सासऱ्यांना घेऊन मी त्या रांगेत उभी होते. त्यांच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की यंत्राने अंगठा काही केल्या स्वीकारला नाही. शेवटी एका तरुण कर्मचाऱ्याने मोबाइलवर चेहरा टिपून काम पूर्ण केले. ही सोय २०२१ पासून आहे आणि ऐंशी वर्षांवरील मंडळींना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हे मला तेथेच समजले. रांगेतली बहुतेक मंडळी एकमेकांना ओळखत होती आणि या वर्षी कोण दिसले नाही, याची चौकशी चालली होती.

ते ऐकताना मिरजेच्या वाड्यात एकटी राहणारी माझी आजी आठवली. दूधवाल्याच्या हाकेला तिने कडी काढली नाही, तर समोरच्या बिऱ्हाडातून कोणीतरी लगेच डोकावत असे. आता माझे आईवडील तिसऱ्या मजल्यावर राहतात, दुधाची पिशवी दाराला अडकवलेली असते आणि ती दुपारपर्यंत तशीच राहिली तरी कोणाच्या लक्षात येईल, असे मला वाटत नाही. आपापल्या घरातील ज्येष्ठांच्या प्रकृतीसाठी आणि माणसांत मिसळण्यासाठी तुम्ही काय केले, ते कृपया लिहावे.

कृष्णाकाठ

आई गेल्यानंतर बाबांनी घराबाहेर पडणेच सोडले होते. आमच्या गावात ज्येष्ठ नागरिक संघाचे विरंगुळा केंद्र आहे, तेथे जा म्हटले की "म्हाताऱ्यांत जाऊन मी काय करू?" असे ते विचारत. तेव्हा त्यांचे वय ७८ होते. अखेर वहिनीने त्यांना केंद्राचा जमाखर्च लिहायला कोणी नाही, अशी थाप मारून पाठवले, आणि गंमत म्हणजे तेथे खरोखरच कोणी नव्हते.

त्या केंद्रात कॅरम, वर्तमानपत्रे आणि महिन्यातून एकदा सर्वांचे एकत्रित वाढदिवस, एवढेच असते. एक निवृत्त परिचारिका ठरलेल्या दिवशी सर्वांचा रक्तदाब मोजून वहीत लिहितात. मला सर्वांत मोलाचे वाटते ते हजेरीपुस्तक. कोणी न सांगता लागोपाठ दोन दिवस आले नाही, तर तिसऱ्या दिवशी दोघे जण घरी जाऊन येतात. अशा संघांची राज्यव्यापी संघटना, म्हणजे फेस्कॉम, १९८० पासून काम करते आहे. तरीही आपल्या पेठेत असा संघ आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

गोधडी

कुकर होईपर्यंतच वेळ आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. औषधांच्या आधी न्हाणीघराकडे पाहा. आमच्या आत्या रात्री ओल्या फरशीवरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर आम्ही भिंतीला धरायचे दांडे, कमोडवर उंच बैठक आणि पलंगापासून दारापर्यंत मंद दिवा, हे सर्व केले. खर्च एका सणाच्या खरेदीहूनही कमी आला.

दूरदेशी

मी मेलबर्नला आणि आई पुण्यात असते. रोज व्हिडिओ कॉल होतो, त्यात मला बहुतेक वेळ छताचा पंखा दिसतो आणि "माझे सगळे बरे आहे" हे वाक्य ऐकू येते. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी मला फोन करून सांगितले की आई सकाळपासून एकच गोष्ट विचारायला तीन वेळा त्यांच्याकडे येऊन गेली आणि तिसऱ्या वेळी तिला स्वतःचे दार ओळखता आले नाही. आम्हा भावंडांची फोनवर परिषद भरली आणि हा स्मृतिभ्रंशच आहे, असे आम्ही ठरवूनही टाकले. धाकट्याने तर वृद्धाश्रमांची माहिती काढायला सुरुवात केली होती. काकूंनी मात्र रिक्षा बोलावून तिला सरळ रुग्णालयात नेले. रक्ततपासणीत सोडियम फार खाली गेलेले आढळले. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू होती आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून तिने जेवणातले मीठही जवळजवळ बंद केले होते. डॉक्टरांनी गोळी बदलली, सोडियम हळूहळू पूर्वपदावर आणले, आणि घरी परतल्यावर आईने सर्वप्रथम कामवाल्या बाईंचे खाडे अचूक मोजून दाखवले.

मी पाठवलेल्या घड्याळाने तिची पावले मोजली होती. तिचा गोंधळ घड्याळाला कळला नाही, काकूंना कळला.

नाडीपरीक्षा

मी शासकीय सेवेतून निवृत्त झालेला डॉक्टर आहे, म्हणून दूरदेशी यांच्या अनुभवाला जोड देतो. स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत माणूस अचानक गोंधळला, तर जंतुसंसर्ग, सोडियम किंवा साखरेतील बदल, तुंबलेली लघवी किंवा नवे औषध यांचा आधी विचार करावा लागतो आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. जाताना घरातील सर्व गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात. चूर्णे, काढे आणि शेजाऱ्यांनी दिलेली गुडघ्यांची औषधेसुद्धा. कोणतीही गोळी मनाने बंद मात्र करू नये.

दुसरा मुद्दा ऐकण्याचा. कमी ऐकू येणारा माणूस प्रथम हसण्यावारी नेतो, मग समारंभ टाळतो आणि शेवटी खोलीत बसून राहतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे बदलता येण्याजोगे १४ जोखीमघटक सांगितले, त्यांत ऐकू कमी येणे आणि सामाजिक एकटेपणा हे दोन्ही आहेत. चष्म्याची लाज कोणालाच वाटत नाही, श्रवणयंत्राची मात्र वाटते, हे मला आजवर उमगलेले नाही.

भटकभवानी

श्रवणयंत्राबद्दल अगदी सहमत आहे. आमच्या मावशीकडे ते आहे, पण ती ते फक्त माहेरच्या माणसांसाठी लावते.

हीच मावशी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाल्यापासून घरात सापडत नाही. आज वाईला भाची, उद्या पंढरपूरला विठोबा. गुडघ्यांची तक्रार तिने स्वतःहून मागे घेतली आहे.

कृष्णाकाठ

भटकभवानी, मावशींना आमच्या केंद्रात व्याख्यानाला बोलवावे म्हणतो. विषय त्यांनीच ठरवावा.

देवराई

शहरातील अनुभव वाचून बरे वाटले, परंतु आमच्या राजापूर तालुक्यातील वाडीत विरंगुळा केंद्र नाही, देवळाची पायरी आहे. निम्म्या घरांत केवळ वयस्कर माणसे उरली आहेत. मुले मुंबईहून गणपतीला आणि शिमग्याला येतात. आशाताई घरोघरी फिरतात म्हणून साखर आणि रक्तदाब निदान कळतो. श्रावणबाळ योजनेतून निराधार ज्येष्ठांना दरमहा १,५०० रुपये मिळतात, पण ते काढण्यासाठी एक दिवस, रिक्षाचे भाडे आणि सोबतीला कोणीतरी माणूस लागतो. त्यातच ओटीपी ज्या मोबाइलवर येतो, तो मुलाच्या खिशात, विरारला असतो.

तरीही आमची माणसे अंथरुणाला कमी खिळतात, असे माझे निरीक्षण आहे. ८० वर्षांची काकी अजून परसातल्या अळवाला पाणी घालते आणि संध्याकाळी भजनाला टाळ धरते. मुंबईला गेली की महिनाभरात तिचे पाय सुजतात, कारण तेथे तिला कोणी काहीच करू देत नाही.

सांजवात

मी लिहू की नको, असा विचार करत होते. माझे वय ५९, सासूबाईंचे ८७. गेली काही वर्षे त्या अंथरुणावर आहेत. दिवसा ब्यूरोची बाई येते, तिने दांडी मारली की सर्व माझ्यावर येते. त्यांना कुशीवर वळवताना माझीच पाठ धरते. पुढच्या वर्षी मीही कागदोपत्री ज्येष्ठ नागरिक होईन. घरी येणारा प्रत्येक जण त्यांची विचारपूस करतो, ते योग्यच आहे, पण जाताना मला एखादा उपाय सुचवून जातो. सल्ल्यांची मला खरोखरच टंचाई नाही.

दिवाळीनंतर नणंदेने काही न बोलता त्यांना पंधरा दिवसांसाठी आपल्या घरी नेले. त्यातले पहिले दोन दिवस मी केवळ झोपले. काळजी घेणाऱ्याला मदत करायची असेल, तर अशी करावी.

गोधडी

सांजवात ताई, तुमच्या नणंदेला माझा नमस्कार कळवा. तुम्ही कोणत्या भागात राहता? जवळ असाल तर एखादी दुपार मी येऊन बसेन.

सांजवात

ठाण्यात राहते. विचारलेत, हेच पुष्कळ आहे.

गोधडी

मी मुलुंडला आहे. बुधवारी येते.

पंतोजी

माझे वय ७४ असून आपण सर्व जण ज्यांच्याविषयी लिहीत आहात, त्यांपैकी मी एक आहे. म्हणून चार शब्द लिहितो. माझा मुलगा गुणी आहे. त्याने वीजबिल, बँक, औषधे, किराणा असे सर्व मोबाइलवर घेतले आणि "बाबा, आता तुम्ही फक्त आराम करा" असे सांगितले. पूर्वी बँकेत जाताना मला वाटेत चांभार, पेपरवाला आणि दोन जुने विद्यार्थी भेटत असत. ते सर्व एका दिवसात बंद झाले आणि त्याच्या जागी आराम आला. मी तक्रार करून वीजबिल आणि भाजी परत मिळवली. भाजी त्याच्यापेक्षा महाग आणतो, याची मला कल्पना आहे.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण दिले आहे. त्याचे कार्ड मी स्वतः जाऊन काढले, मुलाला नंतर सांगितले. तसेच १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक आहे. तो आमच्या मोबाइलमध्ये तुम्ही भरून ठेवलात तर चालेल, मात्र लावायचा कधी, ते आम्हाला ठरवू द्यावे.

शेवंती

पंतोजी, तुमचे लिखाण सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. पासबुक भरून आणायला उद्या ते एकटेच जाणार आहेत आणि मी सोबत येऊ नये, अशी त्यांनी आत्ताच सूचना केली आहे. कृष्णाकाठ, असा संघ नव्याने सुरू करायचा असेल तर किमान किती सभासद लागतात आणि जागेसाठी अर्ज कोठे करावा लागतो?

कृष्णाकाठ

आमच्याकडे सुरुवात नगरपालिकेच्या वाचनालयाच्या एका खोलीत झाली, त्यामुळे आपल्या नगरसेवकांना आधी भेटावे. सभासदसंख्येचा नियम बाबांना विचारून सांगतो. ते आत्ता केंद्रात आहेत आणि कॅरम चालू असताना फोन घेत नाहीत.