मदत हवी आहे: डिसेंबरात ऑर्कनी, सोबत आई

नमस्कार मंडळी. आईला घेऊन स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर जायचंय. मेझहाउ ही तिथली जवळपास 5,000 वर्षांपूर्वीची दगडी समाधी. 21 डिसेंबरच्या आसपास मावळतीचं ऊन तिच्या चिंचोळ्या वाटेतून थेट मागच्या भिंतीवर पडतं. आईला ते स्वतः बघायचंय, पण ती दहाएक मीटरची वाट वाकूनच पार करावी लागते आणि तिचे गुडघे दुखतात. कोणी ज्येष्ठांना आत नेलंय का? कितपत जमतं?

स्कारा ब्रे हे तिथलं अश्मयुगीन गाव तर बघायचंच! 1850 च्या वादळाने उघडी पडलेली घरं, मधोमध चूल, बाजूला दगडी पलंग, समोर दगडाचीच मांडणी. फोटो बघून आई म्हणाली, "अगं, आपल्या स्वयंपाकघरातल्यासारखीच!"

हिवाळ्यात स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या स्क्रॅब्स्टर बंदरातून बोटीने जावं की विमानाने? अनुभव असेल तर नक्की सांगा.