मदत हवी आहे: जुनं पीएचपी लाराव्हेलवर न्यावं की नोडमध्ये नव्यानं लिहावं?

मंडळी, मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानाचं पट्टीचं, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाचं, सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलंय. पीएचपी या वेबच्या भाषेच्या ५.६ व्हर्जनवरचं, म्हणजे सपोर्ट २०१८ च्या अखेरीसच संपलेला. होस्टिंगवाल्यानं न विचारता व्हर्जन वाढवलं आणि ऐन सौद्याच्या वेळी पडद्यावर एकच ओळ: 'कॉल टू अनडिफाइंड फंक्शन मायएसक्यूएल कनेक्ट'. डेटाबेसला जोडणारी ती जुनी फंक्शनं पीएचपी ७.० मध्येच काढून टाकलीत. त्या दिवशी दिवाणजींनी रवे (गुळाच्या ढेपा), वजन, हमाली, तोलाई सगळं हातानं लिहिलं. मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

आता आम्हा तिघांत रोज मिसळीवर भांडण. एक म्हणतो नोड, म्हणजे सर्व्हरवरही जावास्क्रिप्ट चालवायचं साधन; ब्राउझरला आणि सर्व्हरला एकच भाषा. दुसरा जँगोचा, म्हणजे पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचा, भक्त. त्यातलं तयार अ‍ॅडमिन बघून मीही पाघळलो, खोटं कशाला बोलू. पण दुकानदार स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग सोडत नाही, तिथं नोड सतत चालू ठेवायचं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून माझा कल लाराव्हेलकडं, ते पीएचपीचंच फ्रेमवर्क.

अडचण अशी, की डेटाबेसच्या सगळ्या क्वेऱ्या एचटीएमएलमध्ये कालवल्यात, तांबड्यात पांढरा ओतल्यागत. आधी पीडीओवर (डेटाबेसशी बोलायची पीएचपीची नवी पद्धत) आणून एकेक पान हलवू, की हंगाम संपल्यावर एकदम? डेटाबेस तोच ठेवून जुनं-नवं शेजारी शेजारी कुणी चालवलंय का? लॉगिनचं सेशन दोन्हीकडं कसं सांभाळलंत? जुने पासवर्ड एमडी५ या जुन्या, सहज फुटणाऱ्या हॅशमध्ये आहेत, हसू नका.